जुन्या ट्रॅक्टराचा रंग आणि त्याची टाकी

पस्तीस वर्षें मीं शाळेंत इतिहास शिकविला. पानिपताची तिसरी लढाई कोणत्या सालीं झाली, सालबाईचा तह कोणाकोणांत झाला, हें मुलांकडून घोकून घेतलें आणि वेळप्रसंगीं छडीहि उगारली. परंतु इतिहास केवळ बखरींत आणि तहनाम्यांत नसतो, घरामागच्या पडवींत धूळ खात पडलेल्या लोखंडावरहि तो लिहिलेला असतो, हें मला सेवानिवृत्त झाल्यावर, आणि तेंहि एक नुकसान झाल्यावर, कळून आलें. आज मी त्या नुकसानीविषयीं, आणि तिच्या निमित्तानें मला जें वाचावें व विचारावें लागलें त्याविषयीं बोलणार आहें. विषय जरा चमत्कारिक वाटेल: जुन्या ट्रॅक्टराला रंग कसा द्यावा आणि त्याची इंधनाची टाकी कशी सांभाळावी. ‘यांत इतिहास तो कसला?’ असें आपण म्हणाल. तेंच सांगावयाचें आहे.

आमच्या वडिलांनीं १९७१ सालीं, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीं, ‘इंटरनॅशनल बी-२७५’ या जातीचा एक तांबडा ट्रॅक्टर घेतला. त्याच्या बॉनेटवर दोन्ही बाजूंस त्यांनीं तालुक्याच्या एका पेंटरकडून पिवळ्या अक्षरांत आमच्या आजीचें नांव लिहून घेतलें. आजीचें छायाचित्र आमच्या घरीं नाहीं. सातबाराच्या उताऱ्यावरहि तिचें नांव कधीं चढलें नव्हतें. तें जेथें लिहिलेलें होतें अशी ती एकच जागा. पुढें ट्रॅक्टर थकला, नवा आला, आणि जुना पडवींत गेला. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या पुतण्यानें तो पुन्हां उभा करण्याचें मनावर घेतलें. यंत्र दुरुस्त झालें, चाकें आलीं. अक्षरें मात्र तशींच राखावयाचीं होतीं. म्हणून तीं टिकावींत, त्यांवर तकाकी यावी, यासाठीं त्यानें पारदर्शक लॅकर आणलें आणि मला विचारलें, ‘काका, मारूं का?’ मी म्हणालों, ‘मार.’

पाहतां पाहतां दुधावर साय धरावी तशी त्या रंगावर सुरकुती धरली. सकाळीं पाहिलें तों तांबडा रंग आणि पिवळीं अक्षरें एकत्र फुगून लोखंडापासून सुटलेलीं. बोट लावतांच पापुद्रे हातांत आले. जें राखावयास गेलों तेंच आम्हीं पुसून टाकलें. पुतण्या हळहळला, पण परवानगी माझी होती. आणि ज्या वस्तूची माहिती नाहीं तिजविषयीं मास्तरानें हुकूम द्यावा, ही चूकहि माझीच होती. तेव्हां पहिला प्रश्न मला पडला तो हा कीं, असें झालें तरी कां?

रंग म्हणजे तीन पदार्थांचें मिश्रण होय: रंग देणारी पूड, ती धरून ठेवणारा चिकट पदार्थ, आणि तो पातळ करणारा द्रव. भांडण होतें तें बहुधा दुसऱ्या आणि तिसऱ्या पदार्थामुळें. पूर्वीं हा चिकट पदार्थ म्हणजे जवसाचें तेल असे. तेलाचा रंग वाळतो असें आपण म्हणतों. पण तो दोरीवर टाकलेल्या धोतरासारखा वाळत नाहीं. हवेंतील प्राणवायु त्यांत शिरतो आणि तेलाचे कण एकमेकांना जखडून टाकतो. या क्रियेला दिवसच्या दिवस लागतात. मोटारगाड्यांच्या पहिल्या काळांत एक गाडी रंगवून बाहेर पडावयास कित्येक आठवडे लागत, त्याचें एक मोठें कारण हेंच.

अमेरिकेंतील ड्यूपाँट ही कंपनी मुळांत दारूगोळा बनविणारी. ज्या नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू होते त्याच वर्गांतील द्रव्यापासून तिनें १९२३ सालीं ‘ड्यूको’ नांवाचें लॅकर मोटारींसाठीं बाजारांत आणलें, आणि १९२४ सालच्या ओकलंड गाड्या त्याच्या निळ्या रंगांत बाहेर पडल्या. लॅकर मात्र खरोखरच धोतरासारखें वाळतें: पातळ करणारा द्रव उडून गेला कीं काम संपलें. आठवड्यांचें काम तासांवर आलें. हें नांव आपल्या इकडे इतकें रुळलें कीं, कोणत्याहि कंपनीचें लॅकर फवारलें तरी गॅरेजवाले त्याला ‘ड्यूको मारला’ असेंच म्हणूं लागले.

१९२० नंतरच्या त्याच दशकाच्या अखेरीस जनरल इलेक्ट्रिक कंपनींतील रॉय कीन्ल या रसायनशास्त्रज्ञानें तेल आणि कृत्रिम राळ यांचा संयोग करून ‘अल्किड’ नांवाचा तिसरा पदार्थ पुढें आणला. आपण दारें-खिडक्यांना लावतों तो ऑइलपेंट बहुधा याच कुळांतला. त्यांतील द्रव आधीं उडून जातो आणि मागाहून प्राणवायु आपलें काम करितो. तो लॅकरासारखा घासून चमकवावा लागत नाहीं आणि उन्हापावसांत बरा टिकतो. शेतावर राबणाऱ्या यंत्राला हाच सोईचा; म्हणून ट्रॅक्टरांच्या कारखान्यांनीं पुढें तो प्रामुख्यानें पत्करला.

आतां आमच्या बॉनेटवर काय घडलें तें ध्यानांत येईल. जुना रंग एनॅमलाचा होता आणि पेंटरचीं अक्षरेंहि त्याच जातीचीं. वर मारलें तें लॅकर. लॅकर पातळ करणारा थिनर फार तीव्र असतो. तो खालच्या पापुद्र्यांत शिरतो, पापुद्रा फुगतो, बाजूला सरकावयास जागा नसल्यामुळें वर उचलला जातो आणि त्याच्या सुरकुत्या होतात. उलट क्रम असता, म्हणजे खालीं जुनें लॅकर आणि वर टर्पेंटाइनांत पातळ केलेलें एनॅमल असतें, तर बहुधा कांहींच बिघडलें नसतें. नियम थोडक्यांत असा: सौम्यावर तीव्र चढवूं नये, तीव्रावर सौम्य चालतें. एनॅमलावर एनॅमल देतांनाहि डब्यावर सांगितलेल्या थोड्या तासांच्या आंत तरी द्यावें, किंवा पुष्कळ दिवस जाऊं देऊन पहिलें पूर्ण कठीण झाल्यावर तरी द्यावें. मधल्या अर्धवट अवस्थेंत दिलें तर तीच सुरकुती.

याची परीक्षा अगदीं सोपी आहे. लॅकर-थिनरांत भिजविलेली चिंधी यंत्राच्या आडबाजूस थोडा वेळ धरावी. रंग विरघळून चिंधीला लागला तर तें लॅकर; फुगून सुरकुतला तर एनॅमल; आणि मुळींच हलला नाहीं तर तो भट्टींत भाजलेला किंवा अलीकडचा दोन द्रव्यें मिसळून द्यावयाचा रंग. दोन मिनिटांचें काम; तें केलें असतें तर आजीचें नांव आज जागेवर असतें.

सर्वांत खालच्या हाताविषयींहि सांगितलें पाहिजे. जुन्या लोखंडी कामावर पहिला हात पुष्कळदां शेंदराचा असे. मारुतीला चढतो तोच हा शेंदूर; रसायनशास्त्रांत तो शिशाचा ऑक्साइड. तेलांत कालवून दिला म्हणजे लोखंडाला गंजापासून फार चांगला राखतो; म्हणून पूल आणि जहाजें यांना तो वर्षानुवर्षें दिला गेला. परंतु शिसें हें विष आहे. असा रंग कोरडा घासला तर त्याची धूळ नाकांतोंडांत जाते, आणि घरांतील लहान मुलांना ती अधिकच बाधते. म्हणून जुना रंग पाण्यानें ओला करून घासावा आणि निघालेला गाळ अंगणांत टाकूं नये. अलीकडचे दोन द्रव्यांचे रंग पेट्रोलालाहि दाद देत नाहींत हें खरें. पण त्यांच्या फवाऱ्यांतील आयसोसायनेट द्रव्यें फुप्फुसाला अपाय करितात. नाकाला फडकें बांधून त्यांच्यापासून बचाव होत नाहीं.

शेंदराचीं पुटें म्हटलीं म्हणजे मला वणीच्या सप्तशृंगीदेवीची आठवण होते. २०२२ सालीं मूर्तीवरील शेंदराचें जुनें कवच जपून उतरविण्यांत आलें, तेव्हां आंतील मूळ रूप लोकांना दिसलें. यंत्राचें तसेंच आहे. पुटाखालीं पूट असतें, आणि प्रत्येक पुटाला कांहींतरी सांगावयाचें असतें.

तें काय, याचें उत्तम उदाहरण म्हणजे फोर्डसन ट्रॅक्टर. पहिल्या महायुद्धांत जर्मन पाणबुड्यांनीं धान्याचीं जहाजें बुडविलीं, शेतांवरील घोडे आणि माणसें रणांगणावर गेलीं, आणि इंग्लंडपुढें अन्नाचा प्रश्न उभा राहिला. ब्रिटिश सरकारनें हेन्री फोर्डकडे सहा हजार ट्रॅक्टरांची मागणी केली, आणि १९१७ च्या ऑक्टोबरांत डिअरबॉर्न येथें फोर्डसन बनूं लागला. त्याचा रंग करडा आणि चाकें तांबडीं. पुढें त्याचा कारखाना आयर्लंडांत कॉर्क येथें गेला आणि १९३३ सालीं इंग्लंडांत डॅगनहॅम येथें आला. तेव्हां रंग निळा झाला. १९३७ सालीं तो नारिंगी झाला. १९४० सालीं, आकाशांतून जर्मन विमानें बाँब टाकूं लागलीं असतां, तो हिरवा झाला. शेतांतील ठळक नारिंगी ठिपका वैमानिकाच्या डोळ्यांत भरूं नये, असें त्याचें कारण सांगितलें जातें. म्हणजे यंत्र तेंच, पण त्याचा रंग पाहून तें महायुद्धाच्या अलीकडचें कीं पलीकडचें, हें जाणता मनुष्य सांगूं शकतो. अशा यंत्राला कोणी हौसेनें डोळ्यांना बरा वाटेल तो रंग दिला, तर त्यानें एक तारीखच खोडून टाकली असें म्हणावें लागेल.

तिकडे अमेरिकेंतहि तोच प्रकार. इंटरनॅशनल हार्व्हेस्टर कंपनीचे ‘फार्मॉल’ ट्रॅक्टर पूर्वीं करडे असत. १९३६ सालीं ते तांबडे झाले. त्यापूर्वींच, १९२९ सालीं, ॲलिस-चामर्स कंपनीनें भडक नारिंगी रंग धरला होता. दूरच्या शेतांतील यंत्र कोणाचें हें रस्त्यावरून जाणाऱ्याला नुसत्या रंगावरून ओळखूं यावें, हा त्यांतला व्यापारी हिशेब. उलट हॅरी फर्ग्युसन याचा ‘टीई-२०’ हा लहान ट्रॅक्टर १९४६ पासून १९५६ पर्यंत कॉव्हेंट्री येथें पांच लाखांहून अधिक संख्येनें निघाला, आणि तो अखेरपर्यंत करडाच राहिला. आतां आमच्या पडवीकडे वळतों. १९६३ सालीं महिंद्र कंपनीनें इंटरनॅशनल हार्व्हेस्टरच्या सहकार्यानें ट्रॅक्टरांची कंपनी काढली आणि मुंबईस कांदिवलीच्या कारखान्यांत बी-२७५ बनूं लागला. ज्या तांबड्या रंगावर आमच्या आजीचें नांव होतें, त्या रंगाचा निर्णय १९३६ सालीं शिकागोच्या कचेरींत झाला होता! मास्तर असूनहि हें मला तो रंग गेल्यावर समजलें.

रंगाची गोष्ट येथवर झाली. आतां टाकीकडे येऊं. कारण रंग आणि इंधन यांची गांठ पडते ती तेथेंच. इंधन भरतांना सांडतें, बॉनेटवर ओघळतें, आणि कच्चा रंग असला तर तेथें डाग पडून तो मऊ होतो. म्हणून टाकी आधीं, रंग मागाहून, हा क्रम कधीं उलटा करूं नये.

फोर्डसनसारख्या जुन्या ट्रॅक्टरांत इंधनाचे दोन प्रकार लागत. पेट्रोल महाग, म्हणून यंत्र पेट्रोलवर सुरू करावयाचें आणि तापलें म्हणजे तोटी फिरवून रॉकेलवर आणावयाचें. त्यासाठीं पेट्रोलला लहानशी निराळी जागा असे. काम संपतांना शेवटचीं कांहीं मिनिटें पुन्हां पेट्रोलवर चालवावें लागे. नाहींतर नळ्यांत रॉकेल राही आणि दुसऱ्या दिवशीं थंडींत यंत्र सुरूच होत नसे. इंग्लंडांत या कामासाठीं रॉकेलाच्या जातीचें एक खास तेल पंपांवर मिळे; त्याची विक्री १९७४ सालीं बंद झाली, आणि आतां तेथील हौशी लोक रॉकेलांत पेट्रोल मिसळून आपलें काम भागवितात. अशा यंत्रांत टाकी इंजिनाच्या वर बसविलेली असे आणि तेल आपल्या वजनानेंच खालीं उतरे. त्यामुळें टाकींत जो कचरा होई तो सरळ खालीं येई. तोटीखालचा कांचेचा वाटा आणि आंतील जाळी हेच काय ते पहारेकरी.

टाकी कामानें मरत नाहीं, स्वस्थ बसण्यानें मरते. अर्धी रिकामी टाकी पडवींत राहिली कीं, रात्रीच्या गारव्यानें आंतील हवेंतल्या बाष्पाचे थेंब पत्र्यावर जमतात. पाणी इंधनापेक्षां जड. तें तळाशीं जातें आणि तळाचा पत्रा व सांधे आंतून कुरतडूं लागतें. पुष्कळ जुन्या टाक्यांचा पत्रा शिसें-कथलाचा मुलामा दिलेला असे. तो मुलामा जेथें गेला तेथें गंज लागलाच. पेट्रोल जुनें झालें कीं प्राणवायूनें त्याची राळेसारखी चिकटण होते. डिझेलाची तऱ्हा आणखी निराळी: पाणी आणि तेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतु वाढतात आणि काळा, बुळबुळीत गाळ सांठतो. आमच्या ट्रॅक्टराच्या टाकींतून असा गाळ पावशेर तरी निघाला.

आतां पेट्रोलच्या यंत्रांना एक नवी काळजी लागली आहे. भारतांत २०२३ पासून शेंकडा वीस इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल पंपांवर येऊं लागलें. देशाच्या दृष्टीनें त्याचीं कारणें आहेत; उंसाच्या मुलुखांत तीं निराळीं सांगावयास नकोत. परंतु इथेनॉल पाणी ओढून घेतें, आणि फार पाणी झालें कीं पेट्रोलापासून वेगळें होऊन पाण्यासह तळाशीं बसतें. जुनी चिकटण तें सैल करितें. जुन्या रबरी नळ्या फुगवितें. आणि टाकीला पूर्वीं कोणी आंतून लेप दिलेला असेल तर त्या जुन्या लेपाचे पापुद्रे काढून कार्ब्युरेटरांत नेऊन घालतें. लक्षांत घ्या, ही तीच गोष्ट आहे! बॉनेटवर लॅकराच्या थिनरानें जें केलें, तेंच टाकीच्या आंत इथेनॉल करितें. जुना थर ज्या द्रवासाठीं बनविला नव्हता, तो द्रव त्याच्यावर आला.

उपाय सांगतों. प्रथम टाकी उतरवून पूर्ण रिकामी करावी आणि साबणाच्या गरम पाण्यानें तेलकटपणा जाईपर्यंत धुवावी. मग मूठभर नट किंवा साखळीचा तुकडा आंत घालून हलवीत राहावें, म्हणजे सैल गंज सुटतो. उरलेल्या गंजासाठीं सायट्रिक आम्लाचें सौम्य पाणी पुरतें. मात्र तें आंत आठवडाभर विसरूं नये, नाहींतर गंजाबरोबर पत्राहि जाईल. नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानें आम्ल मारावें, स्वच्छ पाण्यानें विसळावें, लगेच वाळवावें आणि आंतून तेलाचा हात फिरवावा. कारण नुकतेंच उघडें पडलेलें लोखंड थोड्या वेळांत पुन्हां तांबूस होतें. मुलाम्याची टाकी असेल तर कॉस्टिक सोडा वापरूं नये. तो कथील व शिसें खातो. लेप द्यावयाचाच झाला तर इथेनॉल सोसणारा आहे कीं नाहीं हें पाहून मगच द्यावा. आणि यंत्र उभें ठेवावयाचें असेल तर टाकी काठोकाठ भरून तरी ठेवावी, नाहींतर पूर्ण कोरडी तरी.

एक गोष्ट मात्र मी मास्तराच्या आवाजांत सांगणार आहें. भोंक पडलेली टाकी झाळण्यासाठीं किंवा वेल्डिंगसाठीं तशीच नेऊं नये. भरलेल्या टाकीपेक्षां रिकामी टाकी अधिक भयंकर असते. पेट्रोल द्रवरूपांत स्फोट पावत नाहीं. हवेंत त्याची वाफ शेंकडा सुमारें दीड ते साडेसात इतकी झाली म्हणजे ठिणगीनें भडका होतो, आणि नुकती रिकामी केलेली टाकी अशा मिश्रणानेंच भरलेली असूं शकते. वर्षानुवर्षें कोरडी पडलेली टाकीहि सांध्यांतील जुन्या चिकटणामुळें तापतांच वाफ सोडते. जाणते कारागीर ती वाफेनें धुतात आणि पाण्यानें जवळजवळ भरून मगच तिला विस्तव दाखवितात. घरच्या हौशी माणसानें या वाटेस जाऊं नये. कारागिराला मात्र ‘यांत पेट्रोल होतें’ हें तोंडानें सांगावें.

श्रोतेहो, आमचा ट्रॅक्टर आज चालू आहे. टाकी स्वच्छ आहे, आणि रंग कांदिवलीच्या जुन्या रंगाशीं जुळता आहे. तो जुळविण्यास नमुना कोठून मिळाला? क्रमांकाची पट्टी काढली तेव्हां तिच्या मागें, ऊन कधींच न लागलेला, तळहाताएवढा मूळ तांबडा रंग जसाच्या तसा सांपडला. कोणत्याहि जुन्या यंत्राचा खरा रंग अशाच झांकलेल्या जागीं शोधावा: पट्टीमागें, टाकीच्या पट्ट्याखालीं, पेटीच्या झांकणाच्या आंत. त्या तुकड्यावर आम्हीं नवा रंग दिला नाहीं. तो तसाच ठेवून पट्टी पुन्हां बसविली.

बॉनेट मात्र कोरें आहे. तालुक्याचा तो पेंटर आतां हयात नाहीं. दुसऱ्या कोणाकडून आजीचें नांव लिहून घेऊं, असें पुतण्या म्हणाला, आणि मी अजून होकार दिलेला नाहीं. नवीं अक्षरें सुबक येतील. पण वडिलांनीं उभें राहून लिहून घेतलेलीं तीं नव्हेत. आपल्या घरीं एखादें जुनें यंत्र असेल, शिवणाचें असो, पाणी उपसण्याचें असो, तर त्याला नवें रूप देण्यापूर्वीं एक दिवस नुसतें पाहण्यासाठीं ठेवा. काय कोठें लिहिलें आहे तें उतरून घ्या, छायाचित्र काढा, चिंधीची परीक्षा करा, आणि तळहाताएवढी जागा न रंगवितां सोडा. एवढेंच सांगण्यासाठीं आपला इतका वेळ घेतला.